आफ्रिकेला निघालात? मलेरियाच्या गोळ्यांचं आधी ठरवा

नोकरीनिमित्त मी युगांडाच्या राजधानीत, कंपालात, चार वर्षं काढली. तेवढ्या भांडवलावर वर्षाकाठी चार-पाच जणांचे मला फोन येतात. कुणी दिवाळीच्या सुट्टीत मसाई माराला निघालेलं असतं, कुणाच्या मुलाला दार-ए-सलामला नोकरी लागलेली असते. व्हिसा, डॉलर, स्वेटर लागेल का, तिकडे तूरडाळ मिळते का, हे सगळं विचारून होतं. मग मी मलेरिया होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचा विषय काढतो आणि पलीकडून हमखास हसू ऐकू येतं. "अहो, आम्ही डोंबिवलीचे. डासांचं आम्हाला काय सांगता?"

मी डॉक्टर नाही. कुठली गोळी घ्यायची हे शेवटी डॉक्टरच सांगतील. पण डॉक्टरांकडे काय माहिती घेऊन जायचं, त्यांना काय विचारायचं आणि कधी, हे आपल्याला माहीत असलं की निर्णय सोपा होतो. इथे तेवढंच सांगायचं आहे. उदाहरणं पूर्व आफ्रिकेची घेतो, कारण ती मला जवळून माहीत आहेत आणि आपली बरीच मंडळी तिकडेच जातात.

आधी डोंबिवलीचा मुद्दा

आपल्या घरातल्या मोठ्यांच्या आठवणीतला मलेरिया म्हणजे पाळीचा ताप. एक दिवस हुडहुडी भरायची, चार गोधड्या अंगावर घ्यायच्या, घाम येऊन ताप उतरायचा, की एक दिवसाआड पुन्हा तेच. माणूस खंगायचा, पण बहुतेक वेळा वाचायचा. हा बहुधा व्हायवॅक्स जातीच्या परजीवीचा ताप. आपल्याकडे व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम दोन्ही आहेत. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत मात्र जवळजवळ सगळा मलेरिया फाल्सिपेरमचा. त्याने बाधित झालेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं संकटात येतात. साध्या तापाचं गंभीर आजारात रूपांतर व्हायला कधी कधी एक दिवसही पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात मलेरियाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. यातले ९० टक्क्यांहून जास्त मृत्यू आफ्रिकेतले.

"पण आम्हाला सवय आहे" याचं काय? मलेरियाविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती येते, पण त्यासाठी लहानपणापासून वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागण व्हावी लागते आणि ती जागा सोडली की ही शक्ती ओसरते. व्हिक्टोरिया सरोवराकाठी वाढलेला माणूस लंडनला काही वर्षं राहून सुट्टीला घरी आला, तरी त्याला गोळ्या घ्यायला सांगतात. मग फ्लॅटमध्ये जाळीच्या खिडक्यांआड राहणाऱ्या, १९९८ साली एकदा मलेरिया झालेल्या आपली काय कथा? आपल्याला सवय आहे ती डासांच्या गुणगुणण्याची.

पहिलं काम: मुक्कामांची यादी

टूर कंपनीने दिलेला कार्यक्रम काढा आणि त्यात प्रत्येक रात्री तुम्ही कुठे झोपणार आहात तेवढं कागदावर उतरवा. दिवसाची स्थळं सोडून द्या. मलेरिया पसरवणारी ॲनाफिलीस डासाची मादी संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. त्यामुळे दुपारी सिंह कुठे पाहिला याला महत्त्व नाही, अंधार पडल्यावर तुम्ही कुठे होतात याला आहे.

प्रत्येक मुक्कामापुढे दोन गोष्टी लिहा: समुद्रसपाटीपासूनची उंची आणि महिना. उंच, थंड जागी डासाच्या पोटात परजीवीची वाढ पूर्ण होत नाही, म्हणून तिथे धोका कमी. केनियाचं पाहा. नैरोबी साधारण १८०० मीटरवर आहे, तिथे धोका कमी मानतात. मसाई मारा साधारण १५०० ते २१०० मीटर, तिथे धोका आहे. अंबोसेली त्याहून खाली. मोम्बासाचा किनारा आणि किसुमूकडचा सरोवराचा काठ हे तर मलेरियाचं माहेरघर. म्हणजे "आम्ही केनियाला चाललोय" या वाक्यातून काहीच कळत नाही. कॉन्फरन्ससाठी नैरोबीत तीन रात्री राहणारा आणि माराच्या तंबूत चार रात्री काढून मोम्बासाला जाणारा, या दोघांचे निर्णय वेगळे होऊ शकतात. युगांडात असा फरक फारसा करता येत नाही. कंपाला, एंटेबे, मर्चिसन फॉल्स, सगळीकडे मलेरिया आहे, बाराही महिने.

महिन्याचं म्हणाल तर पूर्व आफ्रिकेत पावसाळे दोन: मोठा मार्च ते मे, छोटा ऑक्टोबर-नोव्हेंबर ते डिसेंबर. आपली मे महिन्याची सुट्टी मोठ्या पावसाच्या शेपटाला येते आणि दिवाळी छोट्या पावसाच्या तोंडाला. विल्डबीस्टांचं स्थलांतर बघायला जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांना कोरडा मोसम मिळतो. धोका उतरतो, पण संपत नाही.

इतर देशांचं थोडक्यात. मालदीव आणि श्रीलंका अनुक्रमे २०१५ आणि २०१६ मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाले. सिंगापूर, दुबई, मॉरिशस, बँकॉक-पट्टाया, बालीतली नेहमीची पर्यटनस्थळं, इथे मलेरियाच्या गोळ्यांचा प्रश्न नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला मलेरिया नाही, क्रुगरच्या जंगलात उन्हाळी महिन्यांत आहे. व्हिक्टोरिया धबधब्याला जोडून जाणार असाल तर तिथेही आहे. आणि आदिस अबाबाला फक्त विमान बदलायचं असेल तर निश्चिंत राहा, ते शहर २३०० मीटरहून उंचावर आहे. यातल्या बऱ्याच ठिकाणी डेंगी मात्र आहे. त्याचा डास दिवसा चावतो आणि मलेरियाच्या गोळीचा त्यावर काडीचा उपयोग होत नाही.

दुसरं काम: कोण कोण जाणार?

पोटात बाळ असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सफारी पुढच्या वर्षी. गरोदरपणात मलेरिया आईला आणि बाळाला दोघांनाही जड जातो, डास अशा स्त्रीकडे जास्त आकर्षित होतात आणि चालणाऱ्या गोळ्याही मोजक्या. जाणं टळतच नसेल तर प्रसूतितज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, वयाच्या अंदाजाने गोळीचे तुकडे करून नाही. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्या रोजच्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारं वॉरफरिन, फिट्सची औषधं, हृदयाच्या ठोक्यांवरची औषधं, यांची मलेरियाच्या गोळ्यांशी गाठ पडू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल, पूर्वी नैराश्याचं औषध घेतलं असेल, अपघातानंतर प्लीहा काढलेली असेल, तर न विचारताही सांगा. प्लीहा नसलेल्या माणसाला मलेरिया फार झपाट्याने गाठतो.

तिसरं काम: गोळी कुठली?

घरातल्या डब्यात क्लोरोक्विन असेल तर ते घरीच राहू द्या. आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमने त्याला कधीच दाद देणं सोडलंय. "आमच्या लहानपणी हीच द्यायचे" हे खरं असलं तरी तिथे चालणार नाही.

उरल्या तीन.

डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, रोज एक. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, तिथे असेपर्यंत रोज, आणि परतल्यावर चार आठवडे. आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामासाठी हीच सांगितली आहे. स्वस्त आहे आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नाही. हिच्या दोन खोडी. एक, उन्हाने कातडी भाजते, आणि सफारी म्हणजे उघड्या टपाच्या गाडीत दिवसभर ऊन. टोपी, पूर्ण बाह्या, सनस्क्रीन हवंच. दोन, अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. म्हणून जेवणानंतर भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-एक तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्याने गोळी ढकलायची आपली सवय इथे महागात पडते. ॲसिडिटीचं औषध किंवा लोहाची गोळी हिच्यासोबत घेऊ नका, डॉक्सी अंगी लागत नाही.

दुसरी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, एकाच गोळीत दोन औषधं. हीसुद्धा रोज, एक-दोन दिवस आधीपासून, पण परतल्यावर फक्त सात दिवस. असं का? चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, तिथे वाढतो आणि मग रक्तात उतरतो. ही गोळी त्याला यकृतातच गाठते. डॉक्सी आणि मेफ्लोक्विन रक्तात उतरल्यावर मारतात, म्हणून यकृतातला शेवटचा परजीवी बाहेर येईपर्यंत, म्हणजे चार आठवडे, पहारा ठेवावा लागतो. आठ-दहा दिवसांच्या सहलीला ही सगळ्यात सोयीची. त्रासही कमी. पण महाग आहे आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये चटकन मिळेल असं धरून चालू नका. आधी मागवून ठेवावी लागते. पोटात थोडी स्निग्धता असली की चांगली शोषली जाते, तेव्हा तूप लावलेल्या पोळीबरोबर घेतलीत तरी हरकत नाही.

तिसरी मेफ्लोक्विन, आठवड्यातून एकदा. निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू आणि परतल्यावर चार आठवडे. लांब मुक्कामाला बरी, कारण रोजची कटकट नाही. पण काहींना हिने भयंकर स्वप्नं पडतात, चक्कर येते, मन सैरभैर होतं. ज्यांना नैराश्य, फार चिंता किंवा फिट्सचा त्रास आहे किंवा होऊन गेलाय त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये. इतक्या आधी सुरू करण्यामागे हाही हेतू आहे: सोसत नाही हे घरी असतानाच कळतं आणि बदलायला वेळ राहतो.

माझा कल विचाराल तर, थोड्या दिवसांच्या सहलीला खर्च झेपत असेल तर ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, नाहीतर डॉक्सी. सहा हजार डॉलरची सहल आणि गोळ्यांच्या पैशांवरून घासाघीस, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

गोळ्या इथेच घ्या, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा, आणि हातातल्या बॅगेत टाका. आफ्रिकेतल्या काही बाजारांत मलेरियाच्या बनावट औषधांचा सुळसुळाट आहे. तिथे जाऊन घेऊ हा बेत नको.

हे सगळं निघण्याआधी चार ते सहा आठवडे मार्गी लावा. उशीर झाला असेल, परवाच विमान असेल, तरी जा. डॉक्सी आणि ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल त्या वेळीही सुरू करता येतात. फॅमिली डॉक्टरांना हा विषय रोजचा नसतो. माझ्या एका परिचितांना तर "आपल्याकडे काय कमी डास आहेत?" असं म्हणून परत पाठवलं. अशा वेळी वाद घालू नका, प्रवासापूर्वीचा सल्ला देणाऱ्या क्लिनिकमध्ये जा किंवा संसर्गरोगतज्ज्ञांना गाठा.

"पण आम्ही इंजेक्शन घेतलंय ना!"

हे वाक्य दर दोन फोनमागे एकदा ऐकतो. घेतलेलं असतं ते पीतज्वराचं, म्हणजे यलो फीव्हरचं. केनिया, युगांडासारख्या देशांतून भारतात परतताना त्याचं पिवळं कार्ड लागतं. नसेल तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाण्याची पाळी येऊ शकते. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड ग्राह्य होतं आणि मग जन्मभर चालतं. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तेव्हा तारीख आधी घ्या. पण हा रोग वेगळा, विषाणूचा. मलेरियाशी त्या लशीचा काही संबंध नाही.

पुणेकर यापुढचा प्रश्न विचारतात: मलेरियाची लस तर आपल्या सीरममध्येच बनते, तीच का देत नाहीत? प्रश्न रास्त आहे. ऑक्सफर्डने विकसित केलेली आर-२१ लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली आणि २०२४ मध्ये आफ्रिकेत ती द्यायला सुरुवातही झाली. पण ती तिथल्या तान्ह्या मुलांसाठी आहे, पाच महिन्यांच्या वयापासून, चार डोसमध्ये. सहलीला निघालेल्या मोठ्या माणसासाठी ती नाही.

लसूण, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या, होमिओपॅथीचे थेंब, मोबाइलमधून आवाज काढून डास पळवणारं ॲप. यातल्या कशानेही मलेरिया टळत नाही.

डासांना लांब ठेवायचं ते असं

कुठलीही गोळी शंभर टक्के कवच देत नाही. म्हणून डास चावणारच नाही हे बघायचं. अंगाला लावायचं क्रीम किंवा स्प्रे घेताना पाठीमागची बारीक अक्षरं वाचा. डीट २० ते ५० टक्के किंवा पिकारिडिन २० टक्के असं काहीतरी हवं. आपल्याकडची नेहमीची क्रीमं बरीच सौम्य असतात. आधी सनस्क्रीन, त्यावर हे. घाम आला, पोहून आलात, की पुन्हा लावा.

सूर्यास्त विषुववृत्तावर बारा महिने साडेसहा-सातच्या सुमाराला होतो आणि संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. कॅम्पवर शेकोटीभोवती बसायची वेळ नेमकी तीच. तेव्हा चहाला बसण्याआधी पूर्ण पँट, मोजे, पूर्ण बाह्या. साडी नेसणाऱ्या आई-आजींनाही मोजे घालायला लावा, घोटे हा डासांचा आवडता भाग. तंबूतल्या पलंगावर मच्छरदाणी असते. ती कीटकनाशकात भिजवलेली आहे का, फाटलेली नाही ना, ते उजेड असतानाच पाहा आणि कडा गादीखाली खोचा. बाथरूमला जाताना तंबूची चेन उघडी टाकून बाहेर गेलात की सगळी मेहनत वाया.

दोन वर्षांच्या नोकरीवर जाणाऱ्यांसाठी

तुमचं गणित वेगळं आहे आणि कंपनीच्या माहितीपत्रकात ते बहुधा नसतं. पहिल्या आठवड्यात जुने भारतीय सहकारी सांगतील, "इथे कुणी गोळ्या घेत नाही." खरंही आहे ते. त्यांना शहरातली बरी प्रयोगशाळा कुठली हे पाठ असतं आणि अंगात कणकण आली की तासाभरात रक्त तपासून उपचार सुरू होतो. तुम्हाला यातलं अजून काहीच माहीत नाही.

या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनोन्‌महिने घेता येतात, तेव्हा त्या घेत राहणं हाच सुरक्षित मार्ग. तरीही पुढे कधी बंद करायचं मनात आलं तर मनाने करू नका. तिथल्या डॉक्टरांशी बोला, घराच्या खिडक्यांना जाळ्या बसवून घ्या, चोवीस तास उघडी प्रयोगशाळा शोधून ठेवा, आणि पावसाळ्यात किंवा कंपनीच्या कामाने आतल्या भागात जाताना तरी गोळ्या पुन्हा सुरू करायच्या का, हे त्यांच्याकडून ठरवून घ्या. मी स्वतः आठव्या महिन्यात कंटाळून, कुणालाही न विचारता गोळ्या सोडल्या आणि अकराव्या महिन्यात आडवा झालो. दुपारी अंग मोडून आलं, रात्री १०४ ताप. शेजारच्या गुजराती भाभींनी दमदाटी करून त्याच रात्री तपासायला नेलं म्हणून चार दिवसांत उठलो.

परत आल्यावर

गोळ्यांचा उरलेला कोर्स संपवा. सर्वात जास्त गाळल्या जाणाऱ्या गोळ्या याच. घरी आलो, फोटो टाकले, पाकीट बॅगेच्या कप्प्यात राहून गेलं.

डास चावल्यापासून फाल्सिपेरमचा ताप यायला किमान सात दिवस लागतात, बहुतेकदा महिनाभराच्या आत येतो, क्वचित त्याहून उशिरा. म्हणून परतल्यावर तीन महिने कुठलाही ताप हा मलेरिया नाही असं सिद्ध होईपर्यंत मलेरियाच धरायचा. गोळ्या नीट घेतल्या असतील तरीही. वर्षभरापर्यंतच्या तापातही डॉक्टरांना प्रवासाचं सांगा. पाळीने हुडहुडी भरण्याची वाट पाहू नका, फाल्सिपेरम ते वेळापत्रक पाळत नाही. नुसती डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या, जुलाब अशीही सुरुवात होते. पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस बघू, असं नको. त्याच दिवशी जा.

आणि जाताना डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिलंच वाक्य हे म्हणा: "मी अमुक तारखेला युगांडाहून आलोय, अमुक गोळी घेत होतो, मलेरियासाठी स्मिअर आणि रॅपिड टेस्ट दोन्ही आजच करा." (स्मिअर म्हणजे काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं.) पावसाळ्यात आपल्याकडे दवाखाने व्हायरल आणि डेंगीने भरलेले असतात, तुमचा ताप त्या रांगेत हरवू शकतो. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि गरज पडली तर तिसऱ्यांदाही.

घरच्यांनाही हे वाक्य सांगून ठेवा, कारण १०४ तापात तुम्हाला ते आठवेलच असं नाही. आमच्याकडे फ्रिजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी असते: परतल्याची तारीख, देशाचं नाव, गोळीचं नाव आणि तीन महिन्यांनंतरची तारीख. ती तारीख उलटली की बायको चिठ्ठी काढते आणि तिथे दुधाचा हिशेब लावते.